दाजींनी उन्हात ठेवलेली गाडी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या बाजारात वांगी निवडत होतो. मार्था आक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, आवाज कोरडा होता. "तुझे दाजी गेले. ये." एवढंच. सकाळी कामाला म्हणून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. खरं सांगायचं तर मला रडू यायच्या आधी त्यांचा राग आला. आक्काला असं एकटं टाकून जायला नको होतं त्यांनी.

शिरूरला न्हावरा रस्त्यावर, घराला लागूनच शमुवेल दाजींचं पत्र्याचं शेड होतं. उन्हानं पांढरट पडलेलं रंगीत प्लास्टिक ते पुन्हा चकचकीत करून देत. मोटारसायकलींचे मडगार्ड, फवारणीचे पंप, शाळांच्या घसरगुंड्या... पार राहू, कवठे येमाई अशा लांबच्या गावांहून लोक टेम्पोत घालून आणत. भिजवलेल्या पाणीपेपरनं, म्हणजे बारीक काचकागदानं, आधी घासायचं, मग पॉलिश लावून फडक्यानं चोळत बसायचं. मी चेष्टेनं म्हणायचो, "दाजी, माझ्या टकलावरूनही एक हात फिरवा." ते मान वर न करता म्हणत, "पाव्हणं, तिथं आदीच काम झालंय." रंग कुठला लावता, असं कुणी विचारलं की मात्र चिडत. "लावत न्हाई मी. रंग आत असतोच. वरचं मेलेलं तेवढं काढायचं."

त्यांचा एकुलता एक मुलगा आशिष कंपनीत मशीनमध्ये सापडून गेला. त्याची लाल मोटारसायकल कंपनीच्या पार्किंगमध्येच राहिली होती. दफन झाल्यावर काही दिवसांनी दाजी ती स्वतः चालवत घरी घेऊन आले. आवाज ऐकून आक्का चुलीपासून धावत दारात आली... आणि हेल्मेटखालून दाजींचा चेहरा निघाला. पुढं कितीतरी दिवस आक्का बाहेर आली, तो लाल रंग दिसला की तिचा चेहरा क्षणभर फुलायचा आणि लगेच विझायचा. दाजींनी त्याचीच हाय खाल्ली. गाडी विकायचं नाव काढलं तर आक्का अन्न सोडायची. मग एके दिवशी त्यांनी ती शेडमधून काढली आणि अंगणात भर उन्हात नेऊन उभी केली.

सगळ्या तालुक्याचं प्लास्टिक चमकवणारा माणूस पोराच्या गाडीला हात लावत नाही, म्हणून लोक नावं ठेवत. मीही एकदा विचारलं. म्हणाले, "उडू द्या रंग. लाल दिसायची बंद झाली की तिचं वाट बघणंबी सुटंल." आणि तसंच होत गेलं. दोन-तीन उन्हाळ्यांत गाडी फिकट, धुरकट झाली. एकदा आक्कानं तिच्या हँडलवर ओलं फडकं वाळत घातलेलं मी पाहिलं. मी काही बोलणार, तोच दाजींनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

ही गोष्ट त्यांनी माझ्याशिवाय कुणाला सांगितली नसावी. दफनाच्या दिवशी आम्ही कब्रस्तानात असताना दाजींना आबा म्हणणाऱ्या शेजारच्या गॅरेजवाल्यांनी, ज्यांचा त्यांच्यावर फार जीव होता, ती गाडी घासली, पॉलिश केली आणि दारात आणून लावली. आम्ही परतलो तर लालभडक गाडी समोर. आक्कानं माझा हात सोडवला आणि भराभरा पुढं गेली. "आशू आला व्हय?"

गॅरेजवाल्यांतला एक जण हातातलं फडकं चुरगाळत म्हणाला, "मावशी, आबांचं यवढंच काम ऱ्हायलं हुतं... म्हणून आम्ही..." मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडलो नाही.

गेल्या आठवड्यात शिरूरला गेलो तो मनाशी ठरवूनच, की गाडी परत उन्हात लावायची. अंगणात ती नव्हती. आक्कानं ती ढकलत शेडमध्ये नेली होती आणि वर दाजींची सतरंजी घातली होती. मी सतरंजीला हात घातला तशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उन्हानं रंग जातो." संध्याकाळी जेवायला बसलो. वारा सुटला होता, दार आपटत होतं, म्हणून मी कडी लावायला उठलो. ताटावरून मान वर न करता आक्का म्हणाली, "कडी नगं लावू."