इसार झालेला गुंड

टीव्हीवर जुन्या वस्तूंचा बजार दाखवतात ना, तो खरा समजून पाहत असाल तं आधी माह्याकडून ऐका. त्यातला एक भाग आमच्या बालाघाटात, आमच्याच मोहल्ल्यात झाला आहे, माह्या डोळ्यांदेखत. त्यात जी बाई रडली ती अनुसयामावशी, माह्या शिलाईच्या दुकानाची शेजारीण. अन् त्या रडण्यातला एकबी थेंब खरा नव्हता. ग्लिसरीन होतं, बाई, ग्लिसरीन! खरं रडणं मागून आलं, ते कोणी दाखवलं नाही.

मावशीचा नवरा उकव्याच्या मॅंगनीजच्या खाणीत होता. तो लवकर गेला. एवढीशी पोरगी पदरात, मंग मावशीनं बकऱ्यांचा धंदा धरला. खैरलांजी असो की बिरसा, जिथं बजार तिथं ही हजर. मिशीवाल्या दलालांच्या गर्दीत ही एकटी बाई, पण हिच्याशी कोणी हुज्जत घालत नव्हतं, कारण हिचा शब्द म्हणजे शब्द.

बजारात लिहापढी नसते. भाव ठरला की घेणारा पाच माणसांसमोर विकणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवतो, साधा रुपया का असेना. तो इसार. मूठ बंद झाली की जनावर घेणाऱ्याचं झालं, मंग तो आज नेवो की महिन्यानं नेवो. घेणाऱ्यानंच चारचौघांत ‘सोडला’ म्हटलं, तरच ते परत आपलं. मावशी तं एवढी कट्टर की इसार झालेल्या बकरीचं दूध आपल्या चहात घालत नव्हती. मी चिडवायची, “मावशी, बकरीले थोडी समजते तिचा इसार झाला म्हणून?”

“मले समजते ना,” म्हणे.

तिच्या घरात जीव लावावा अशी एकच वस्तू होती, पाणी भरायचा पितळेचा गुंड. लग्नात तिच्या मायनं देल्ला. ती माय लहानपणी विहिरीपासून दूर उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतलं तं घरी न्यायची, नाही तं रिकामी परत यायची. त्याच बाईनं पुढं दुसऱ्याच्या बांधीत धानाचे रोवणे करून करून पैसा जमवला अन् पोरीले पाण्यासाठी पितळेचा गुंड घेतला. भांडेवाल्याकडून काठावर नाव टाकून घेतलं, ‘अनुसया’. मावशीले वाचता येत नाही. पण ठोकलेल्या त्या ठिपक्यांवर बोट फिरवून ती आपलं नाव सांगायची. रोज चिंच अन् राख लावून असा घासायची की डोळे दिपावे.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात ते टीव्हीवाले आले. चॅनलचं नाव मी घेत नाही, तोंड खराब होते. गावोगाव फिरून जुन्या वस्तू विकत घेणारा एक शौकीन शेठ, असा त्यांचा कार्यक्रम. ओट्यावर गुंड दिसला अन् ते तिथंच थांबले. मावशीनं आधीच सांगतलं, “मले विकायचा नाही.”

डायरेक्टर हसला. “मौसी, बेचना किसको है? बस एक्टिंग करनी है. गुंड आपका ही रहेगा.”

साऱ्या मोहल्ल्यानं आग्रह केला, टीव्हीत येशील म्हणून. खोटं काय बोलू, त्यात सर्वात मोठा आवाज माहाच होता. मावशी तयार झाली.

अन् मंग सुरू झाला तमाशा! घासलेला गुंड जुना दिसत नाही म्हणून त्याले चिखल फासला, काजळी लावली. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. नावाची बाजू भिंतीकडे फिरवली, कारण गुंड गोंड राजाच्या काळचा आहे, असं सांगायचं होतं. राजाच्या गुंडावर अनुसयाचं नाव कसं चालेल? पोरीच्या लग्नासाठी विकून राह्यली असं मावशीकडून वदवून घेतलं. तिची गीता तं कधीचीच खैरलांजीले नांदून राह्यली, दोन लेकरांची माय. अन् तो शौकीन शेठ! रेशमी कुर्ता, बोटाबोटात अंगठ्या. चहा पिताना त्यानं हळूच सांगतलं, “मावशी, मी गोंदियाचा, देवेंद्र नाव. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात माइक धरतो. भाजीबजाराच्या मागं राहतो. या अंगठ्याबी यांच्याच.” गोड पोरगा होता, तिथं मी त्याले नावं नाही ठेवत.

आता ऐका चूक कशी झाली. घासाघीस झाली, ठरलेल्या भावावर मावशी ‘देल्ला’ म्हणाली. इथवर सारं लिहून देल्लं होतं. पण देवेंद्र आपल्याच इकडचा. त्याले वाटलं, अजून थोडी जान टाकावी. त्यानं खिशातून नोट काढली अन् मावशीच्या हातावर ठेवली. “हा घ्या इसार!”

अन् मावशीची मूठ बंद झाली. बजारातली जन्माची सवय, बाई, हात थोडाच विचारतो! समोर पाच काय, पन्नास माणसं उभी.

“वाह! बहुत रियल लगा!” डायरेक्टर टाळ्या वाजवून राह्यला होता. मावशीचा चेहरा पांढराफटक पडलता.

गाडी निघाली तशी ती नोट घेऊन मागं धावली. “शेठ, तुमचा इसार! सोडला म्हणा!” काच वर झाली. आतून कोणी तरी ओरडलं, “रख लो, मौसी!”

त्या दिवसापासून गुंडात पाणी भरणं बंद. तिनं तो धुतला, फडक्यात गुंडाळला अन् कोपऱ्यात ठेवला, परायाची ठेव ठेवावी तसा. पाणी पिलास्टिकच्या बकेटमधून. माह्या अंगाची लाही लाही झाली. “अवो मावशी, अंगठ्या खोट्या, राजा खोटा, तुह्या पोरीचं लग्न खोटं, मंग एक इसारच कसा खरा?”

“मूठ तं माहीच होती ना, सरिता,” म्हणे. “मले कोणी बंद कर म्हटलं नव्हतं.” अन् मंग ती रडली. तोंडाले पदर लावून, हुंदके देत रडली. “माह्या मायचा गुंड मी इसारात देऊन बसली वो.”

उन्हाळ्यात ते टीव्हीवर लागलं. तरी कोणी माल न्यायले आलं नाही. शेवटी एक दिवस मावशीनं गुंड उचलला. “चाल गोंदियाले. नेते तं नेवो, नाही तं सोडला म्हणो. हे असं अधांतरी मले जगवत नाही.” मी दुकान बंद केलं अन् निघाली. त्या शेठची बोबडी वळवायचीच, असं ठरवूनच बसमध्ये बसलती मी.

भाजीबजाराच्या मागं घर लगेच सापडलं. दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसलती, देवेंद्रची माय, प्रेमलताबाई. तिनं मावशीले पाहताच ओळखलं. “अवो, तुम्ही टीव्हीतल्या ना! या, या! माह्या देवेंद्रनं घेतला तुमचा गुंड. मुंबईले काचेच्या अलमारीत ठेवला म्हणते. मी म्हणते, बाबू, एक दिवस घरी तं आण, मले हात लावू दे.” तिनं आवाज देऊन आजूबाजूच्या बायामाणसांले बोलावलं. बघता बघता दार भरलं. तेवढ्यात देवेंद्र बाहेर आला. साधी बनियन, बोटं रिकामी. मावशीच्या कडेवरचं गाठोडं त्यानं लगेच ओळखलं.

त्यानं आम्हाले बाजूले घेतलं. “मावशी, पाया पडतो. मायले माहीत नाही. तिले वाटते मी खरंच शेठ झालो. दहा वर्षं लोकांच्या लग्नात माइक धरला, तिले कधी कोणी विचारलं नाही. आता सारी गल्ली तिले नमस्कार करते.”

“मले तुमचं काही नको, बाबू,” मावशी म्हणाली. “पाच माणसांसमोर सोडला म्हणा. मी चालली.”

“पण सोडला म्हटलं तं माय विचारेल ना, मंग मुंबईले काय आहे?”

एवढ्यात म्हातारी उठून आली. तिनं फडक्यात हात घातला अन् काठावर बोटं फिरवली. “हा तं तोच टीव्हीतला गुंड. देवेंद्र, हा मुंबईले होता ना?”

देवेंद्र खाली पाहून राह्यला. माह्या जिभेवर सारं तयार होतं, तोंड उघडलंबी होतं मी. मावशीनं माह्या हाताले असा चिमटा घेतला की मी कळवळली.

“मुंबईलेच होता, बाई,” मावशी म्हणाली. आवाज एकदम साधा, बकरीचा भाव सांगावा तसा. “तुमच्या पोरानं माणूस पाठवून परत धाडला. म्हणाला, मायनं पोरीले देल्लेली वस्तू मी ठेवत नाही, सौदा सोडला. पैसाबी घेतला नाही परत. मंग मले राहवलं नाही, म्हटलं त्याच्या मायले जाऊन सांगावं, पोरगा कसा वाढवला ते.” अन् ती देवेंद्रकडे वळली. “हौ ना, शेठ? सोडला ना?”

लोकांदेखत ढसाढसा रडला तो. “सोडला,” म्हणाला. “सोडला, मावशी.”

म्हातारीनं पोराच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. शेजारच्या बाया डोळे पुसून राह्यल्या होत्या. मावशीनं गुंड उचलला अन् चहाले न थांबता निघाली.

बसमध्ये मी भडकलीच. “काहून वाचवलं त्या लबाडाले?”

“त्याले कुठं वाचवलं?” ती म्हणाली. मंग खिडकीकडे तोंड फिरवलं. राजेगावजवळ मी पाह्यलं तं डोळ्यांतून पाणी चाललं होतं अन् ती पुसतबी नव्हती. “सरिता, जन्म गेला बजारात. चारचौघांत उभं राहून, सौद्याच्या गोष्टीत मी कधी खोटं बोलली नव्हती. आज बोलली.”

मी माह्या पदरानं तिचे डोळे पुसले.

कंडक्टर आला. मांडीवरचा गुंड पाहून हसला. “काय मावशी, गोंदियाहून नवीन गुंड घेतला का?”

“हौ बाबू,” मावशी म्हणाली. “लय महाग पडला.”