लग्नात माझ्यामागे कोण उभं राहणार

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि तो झालो कळस गावच्या माझ्या मामांमुळे. मी बारामतीला कॉलेजात होतो तेव्हा तीन वर्षं रोज पहाटे भाकऱ्या थापून ते एसटीने माझा डबा पाठवायचे. मामांचं चालणं नाजूक, बोलणं हळू. लग्न केलं नाही, चूल स्वतःच सांभाळली. गावाने त्यांना 'बायल्या' ठरवून टाकलं.

आमच्यात लग्न लागताना नवरदेवामागे मामा उभा राहतो. माझ्या लग्नाच्या बैठकीत थोरले चुलते, म्हणजे तात्या, म्हणाले, "ह्यो नको. पावणं हसत्याल. दुसरा कुणीबी उभा करू."

"मग ह्याला कुठं बसवायचं?" बैठकीतल्या एकाने विचारलं.

"बायकांत. तितं शोभतुय," तात्या म्हणाले.

सगळे खदाखदा हसले. मामा तिथेच चहाचे कप गोळा करत होते. तेही हसले. "मी आचाऱ्याकडं बघतो की," म्हणाले.

माझ्या अंगाची आग झाली. हसणाऱ्यांपैकी एकानेही मी जेवलो का, हे कधी विचारलं नव्हतं. तरी मी गप्प बसलो, त्याची चीड अजून जात नाही. फोनवर मामा विषय टाळतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पत्र पाठवलं:

"मामा, काल मी गप्प बसलो, माफ करा. माझ्यामागे तुम्हीच उभे राहणार, हे आज तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग आम्ही येत नाही. मी म्हणालो, नका येऊ. तुम्ही मात्र या. तुमच्याशिवाय मी अक्षता पडू देणार नाही, हे मुलीकडच्यांनाही कळवलंय.
तुमचा भाचा"