कालच्या बाईचे निरोप

मुरुडच्या बाजारातली माझी मासेवाली कामाच्या गोष्टी फोनवर बोलून स्वतःलाच पाठवते आणि सकाळी टोपली मांडताना मोठ्या आवाजात ऐकते. बर्फवाला सोमवारी येणार नाही. जावयाला कोलंबी बाधते. मधेच "व्हय बये, म्हाईत हाय" म्हणून कालच्या स्वतःला गप्प करते.

परवा मी समोर असताना फोन म्हणाला, "त्या चष्मेवाल्याला ताजं-शिळं कळत न्हाय. नुसते कल्ले उचलून बघतो. उरलेले बांगडे उद्या त्यालाच दे."

माझं बोट बांगड्याच्या कल्ल्यातच होतं. ती जराही ओशाळली नाही. फोन तोंडाशी नेऊन तिने स्वतःला बजावलं, "चष्मेवाला असताना आवाज बारीक ठेव." मग टोपलीच्या तळातून दुसरे बांगडे काढून म्हणाली, "हे घ्या दादा, आजचे हायत."

आजचेच असावेत. मी कल्ले उचलून बघितले.