सव्वा मुठीची कानबाई

नागपंचमीच्या दहा-बारा दिवस आधी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सुरतहून फोन आला. ते फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत नाहीत. नेहमीच्या अहिराणीत थेट म्हणाले, "आवंदा बसाडसू, मंग नारय तापीमा सोडी देसू. मना नंतर कोन बसाडी तिले?"

कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची घरोघरची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि सोमवारी नदीवर जाऊन येते. मूर्ती नसते. नारळालाच नथ, डोळे, लुगडं. आमच्या घरचा नारळ माझ्या पणजीच्या वेळचा, काळा पडलेला. दरवर्षी तो नदीत बुडवून परत घरी आणतात. यंदा बसवून मग सोडून देणं म्हणजे कायमचं संपवणं. आप्पांना मुलगा नाही, मी एकटीच लेक आणि ती परक्या घरी दिलेली. आई जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर होता.

मी फार देवभोळी नाही. पण सात वर्षांच्या जुईने हे एकदा तरी बघावं, असं वाटलं. संपणारच असेल तर निदान बघून संपावं. नवऱ्याला सुट्टी नव्हती. शुक्रवारी पहाटे मायलेकी नाशिकहून गाडीने निघालो.

ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी: दिंडोरी, वणी, सापुतारा, वघई, वांसदा, चिखली आणि पुढे मुंबई-अहमदाबाद हायवे. थांबत गेलं तर सहा-सात तास. श्रावणात सापुताऱ्याच्या घाटात धुकं असतं, त्यामुळे तिथे शहाणपणा करू नये. मक्याचं कणीस खावं आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरावं. वघईपर्यंत खड्डे आहेत, त्यानंतर गुजरात सरकारचं तोंडभरून कौतुक करावंसं वाटतं ते चिखलीपर्यंत. तिथे ट्रकांच्या रांगेत सापडलो की ते ओसरतं.

घाटात जुईला गोष्ट सांगत होते. कानबाईसाठी गहू कसे मोजतात, घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ, त्याचं पीठ, त्याचे रोट. हे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला कणभरही द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. फक्त सांगताना मी 'पुरुषामागे' म्हटलं नाही. 'घरातल्या प्रत्येकाची सव्वा मूठ' असं म्हणून गेले. सात वर्षांच्या मुलीला घाटात तो वाद कशाला समजवायचा? मुलांना गोष्टी सांगताना आपण काटे काढून देतोच, माशाचे काढतो तसे. काढलेला काटा कुठे टाकला, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. ते मी ठेवलं नाही.

पलसाणा आलं की सुरत नाकाने कळते. डाइंग मिलांचा ओला, आंबूस वास काच बंद केली तरी येतो. जुईने नाक दाबलं. मला मात्र बरं वाटलं, कारण शाळेतून घरी येताना हाच वास असायचा. चलथाणला साखर कारखान्याकडे वळणाऱ्या रस्त्यालगत चहा घेतला. टपरीवाल्याने नंबरप्लेट बघून विचारलं, "नासिक थी आव्या, बेन? कानबाई माटे?" म्हणजे इथल्या टपरीवाल्यालाही खानदेशी लोकांचं पंचांग पाठ. खानदेश बघायला खानदेशात जायची गरज नाही. श्रावणातल्या त्या रविवारी सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या सोसायट्यांतून फिरा, दर तिसऱ्या दारात केळीचे खांब दिसतील.

आप्पा त्याच भागात राहतात. तीस वर्षं लूमवर, यंत्रमागाच्या खडखडाटात काढली, त्यामुळे ऐकायला कमी येतं आणि ते स्वतः मोठ्याने बोलतात. घर त्यांनी एकट्याने चुना लावून पांढरं केलं होतं. पितळेची भांडी घासून पालथी घातलेली. शेजारच्या हिराकाकू मदतीला आल्या होत्या. त्या आमच्याच गावच्या, पण भाऊबंद नाहीत, त्यामुळे रोटांना हात लावत नाहीत. बाकी सगळीकडे लावतात आणि सल्लेही देतात. त्यांची नात दारातून गुजरातीत ओरडत होती, "बा, मने मोबाइल आप ने!" काकू अहिराणीत शिव्या देत होत्या. दोघींचं छान चाललं होतं.

संध्याकाळी आप्पांनी सूप घेतलं. निवडलेल्या गव्हाच्या डब्यासमोर पाट मांडून बसले आणि सव्वा मूठ मोजली. घरात एकच पुरुष. लहानपणी याच सुपात आजोबांची, आप्पांची आणि काकांची अशी गव्हाची रास व्हायची. आता ते दोघे नव्हते आणि सुपाचा तळ दिसत होता. सव्वा मुठीचं दळण गिरणीत तरी कसं टाकणार? म्हणून त्यांनी खाटेखालचं लहान जातं काढून ठेवलं होतं.

मी पुरणाची डाळ बघायला आत वळले, तेवढ्यात जुई पुढे सरकली. डब्यात हात घालून मूठ भरली आणि सुपात टाकली. मग चार दाणे आणखी, सव्वा पुरा करायला.

"ही माझी," ती म्हणाली.

हिराकाकूंनी तोंडावर पदर धरला. "आते काय करशात आप्पा? पोर त लोकस्नी शे!"

परक्या घरच्या पोरीची मूठ म्हणून मी धावले. म्हटलं, काढून टाकते, वरवर आहेत अजून. आप्पांनी हात आडवा केला. सुपात वाकून बघितलं. दाणे वेगळे ओळखूच येत नव्हते, गहू तो गहू.

"पडेल मूठ काढतस नही," ते म्हणाले. "मोजाई गयी ती. आते तिले खानं पडी."

विषय संपला. ते जातं फिरवायला बसले आणि जुई खुंट्याला लटकली. मदत कमी, वजनच जास्त. आप्पा दळता दळता तिला सांगत होते, हा नारळ सुरतेला कसा आला. जुईच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, तो लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. भुसावळ-सुरत गाडीत तिकीट तपासनिसाने विचारलं, यात काय आहे? आई म्हणाली, आमची म्हातारी. तो बिचारा पुढे गेला. जुई इतकी हसली की जातं थांबलं. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. मला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

शनिवारी मधल्या वेळात पर्वत पाटियाच्या चौकात लोचो, म्हणजे वाटलेल्या हरभरा डाळीचा वाफवलेला मऊ लगदा, खाल्ला. चाळीस रुपये प्लेट, वर शेव, तिखट चटणी आणि भरपूर तेल. पोट भरतं, पण गाडी चालवायची असेल तर दोन प्लेटी नकोत. कापडबाजारातही गेलो. तिथे घेतलेल्या तीन साड्यांबद्दल इथे लिहीत नाही, कारण नवरा हा ब्लॉग वाचतो.

रविवारी कानबाई बसली. चौरंग, केळीचे खांब, नथ घातलेली ती काळी म्हातारी. काकू आणि गल्लीतल्या बायकांनी गाणी म्हटली, फुगड्या झाल्या. मग जेवण. पुरणपोळी, खीर आणि लाल भोपळ्याची भाजी, शिवाय रोट. आप्पांनी दोन पानं वाढली. एक स्वतःचं, एक जुईचं. मी दिलेली लेक, म्हणून रोट मला चालत नाहीत. मी भिंतीशी वरणभात घेऊन बसले.

"आई, तू का नाही खात?"

"माझी मूठ नाही त्यात."

"मग टाकायची ना!"

इतकं सोपं होतं. लग्नाआधी चोवीस वर्षं मी हे रोट खाल्ले, पण माझ्या नावाची मूठ एकदाही पडली नाही आणि ती टाकावी असं माझ्या मनातही आलं नाही. खोटं कशाला बोलू, मला पोटच्या पोरीचा हेवा वाटला. वरणभात गार झाला होता.

सोमवारी सकाळी तापीच्या ओवाऱ्यावर गेलो. इथे घाटाला ओवारा म्हणतात. सकाळी लवकर गेलात तर गाडी लावायला जागा मिळते. पूर्वी चौरंग आईच्या डोक्यावर असायचा, आता आप्पांनी स्वतः घेतला. जुई पुढे, आरतीचं ताट घेऊन. पाणी गढूळ होतं आणि चढलेलं. हीच तापी आमच्या शिंदखेड्याकडच्या गावावरून वाहत इथे येते, हे आप्पांनी तिला तीनदा सांगितलं.

ते गुडघाभर पाण्यात उतरले. नारळ बुडवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि हात पाण्याखालीच राहिले. बाकीच्या घरचे लोक आपापले नारळ घेऊन वर येत होते. निर्णय त्यांचा होता आणि तो मला फोन आल्यापासून माहीत होता.

"आप्पा, रोट उरलेत अजून," जुई काठावरून ओरडली. "माझे दोन आहेत!"

आप्पांना ऐकू आलं की नाही, कळलं नाही. पण हात वर आले आणि त्यांत नारळ होता. त्यांनी तो खांद्यावरच्या पंच्याने पुसला, तिच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाले, "घट धर." आरतीचं ताट माझ्याकडे आलं.

खरं तर सोमवारीच परतायचं होतं, पण रोट संपेपर्यंत थांबावं लागलं. मंगळवारी दुपारी दोघांनी शेवटचा तुकडा अर्धा अर्धा केला, तेव्हा निघालो.

परतीच्या वाटेवर सापुताऱ्याला थांबलो, तेव्हा जुईला खरा नियम सांगितला. पुरुषांचीच मूठ असते, आणि मी तो शब्द गाळला होता. ती कणीस सोलत होती. मग म्हणाली, "मग आप्पांनी मला कशाला मोजलं?" मी म्हटलं, त्यांनाच विचार.

घरी पोचल्यावर सुरतेहून काय काय आलं ते मांडलं. घारी मिठाईचा डबा, साड्या, गाडीच्या सीटवर तेलाचा एक डाग. फोन स्पीकरवर टाकून जुईने आप्पांना प्रश्न विचारला. दोनदा ओरडून विचारावा लागला.

"मी कोठे मोजं तुले?" आप्पा म्हणाले. "तूच मोजाई गयी. मी फक्त काढं नही."

मग त्यांनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितलं. पुढच्या वर्षी गुरुवारीच निघ, म्हणाले, शुक्रवारी घाटात गर्दी असते. आणि सूप मोठं आणून ठेवतो, तूही रिकाम्या मुठीने बसू नकोस.