अण्णांच्या घड्याळातली चौदा मिनिटं

निपाणीच्या जिनेंद्रच्या पायाला आधीच भिंगरी, त्यात हे खूळ. बेळगावची नोकरी सांभाळून गडी दर रविवारी घरी यायचा आणि लॅपटॉपपुढं बसायचा, उठायचा, परत बसायचा. सगळं वडिलांपायी.

त्याचे वडील पारिसाअण्णा. तरुणपणी त्यांनी टीव्हीला जोडायच्या घरगुती कॉम्प्युटरवर घड्याळ केलं होतं, बायकोसाठी. घर जैनाचं, दिवस मावळला की तिचा घास बंद. एकदा श्रावणात आभाळ भरलेलं, ती म्हणाली, "मावळला दिवस."

"यंत्र म्हणतंय अजून दहा मिनिटं हाईत. जेव गुमान."

ती जेवली, पण मनाला लागलं आणि दोन दिवस उपाशी राहिली. अण्णा हट्टाला पेटले ते पेटलेच. पुढं ती गेली, यंत्रही बंद पडलं. उरली प्रोग्रामची कॅसेट आणि अण्णांचा एकच धोशा, "बघ की रं, माझं घड्याळ बरोबर व्हतं न्हवं?"

म्हणून जिनेंद्रनं लॅपटॉपवर त्या यंत्राची नक्कल उतरवली आणि कॅसेटमधला प्रोग्राम तिच्यावर चालवला. घड्याळ एका सेकंदानंही चुकेना. अण्णांनी त्या दिवशी शिरा करायला लावला, गल्लीभर सांगत सुटले.

जिनेंद्रनं मात्र खात्रीसाठी यंत्राचं जुनं माहितीपुस्तक उघडलं. ते यंत्र सेकंदाला पन्नासदा हातातलं काम सोडून वेळ मोजायचं. त्या थांबण्याला इंटरप्ट म्हणतात. पण खऱ्या यंत्रात आवाज वाजत असला की हे थांबणंच बंद, म्हणजे तेवढा वेळ मोजलाच जात नाही. आणि प्रोग्राममधली तारीख सांगत होती, अण्णांनी नेमकी श्रावणातल्या त्या वादाच्याच सकाळी, दर पाव तासाला वीस सेकंद वाजणारी धून हौसेनं घातली होती. नकलेत धून वाजतानाही मोजणी चालूच. आता गप्प बसावं तर झोप उडालेली, सांगावं तर म्हातारा मोडायचा. त्यानं नक्कल दुरुस्त केली. सकाळी आठला लावलेलं घड्याळ सातच्या सुमाराला चौदा मिनिटं मागं. म्हणजे यंत्र दहा मिनिटं हाईत म्हणत होतं, तेव्हा दिवस मावळून चार मिनिटं झाली होती.

शेवटी न राहवून त्यानं सांगितलं. अण्णांनी कॅसेट उचलून मांडीवर ठेवली.

"म्हंजे तिचं बरोबर व्हतं."

"व्हय अण्णा."

"चार माणसांत म्हणालतो मी तिला, बायांना काय कळतंय यंत्रातलं. मरस्तोवर त्यावर एका शब्दानं बोलली न्हाय. आता माफी मागू कुणाची रं?"

जिनेंद्रला वाटलं, नक्कल चुकीचीच ठेवली असती तर बरं झालं असतं.