आधी सांगणाऱ्या आक्का

कोळवणच्या आक्का कुठलंही काम करण्याआधी ते चारचौघांत सांगून टाकत. तंबाखूची मिसरी सोडायचं ठरवलं, तेव्हा देवळापुढं बायका गोळा करून त्यांनी तसं जाहीर केलं. आठवडाभरात मोह आवरला नाही, तर तेही तिथंच उभं राहून सांगितलं. "च्यार जनांत बोललं की मानसाला लपवाछपवी करता येत न्हाई," म्हणायच्या.

मी पुण्याहून संशोधनासाठी तिथं गेलेली डॉक्टर. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांकडे गावातलीच बाई दर आठवड्याला लोहाच्या गोळ्या घेऊन गेली, तर रक्त वाढेल का, एवढंच आम्हाला पाहायचं होतं. कल्पना आक्कांची आणि फिरणंही त्यांचंच. अभ्यासाचा आराखडा आधीच नियतकालिकात छापायचा म्हटल्यावर आमचे शहरातले सहकारी कुरकुरले. आक्का मात्र खूश. "काय मोजनार ते आदीच सांगायचं व्हय? मग ब्येस हाय की!" पौडच्या सायबर कॅफेतून आम्ही तो पाठवला, त्यात संशोधकांमध्ये आक्कांचंही नाव होतं. छापून आल्यावर मराठीत उतरवून तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला त्यांनीच लावलं.

वर्षभर त्या बांध तुडवत हिंडल्या. भातलावणीत वाकलेल्या बायकांना बांधावरून दटावून गोळ्या देत. शेवटी आकडे हाती आले आणि माझं तोंडच उतरलं. रक्त वाढलंच नव्हतं. थकवा कमी झाला, असं मात्र बऱ्याच जणी सांगत होत्या. गुण दिसला नाही तर आक्कांचं काम बंद होणार होतं, आणि त्या कामावर त्यांचा भारी जीव.

मी हळूच म्हटलं, "आक्का, आपण थकवाच मोजत होतो असं लिहूया का? तुमचं काम तरी टिकेल."

 माझ्या त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

"ताई, फळ्यावर रगत लिवलंय. माज्यापायी खोटं लिवू नगा." मग आक्का म्हणाल्या, "काल इचारलं, तर निम्म्या बाया गोळी च्यासंगं घेत होत्या. गोळी च्याबिगर दिली तर काय व्हतंय, त्ये बगा. पन त्ये बी आदी छापा."

चहानं लोह अंगी लागत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. विचारायचं सुचलं ते आक्कांना. जसं होतं तसं आम्ही छापलं, आणि त्यांचं काम बंद पडलं.

चहाशिवाय गोळ्या देण्याचा दुसरा आराखडा छापून आला तेव्हा आक्का राहिल्या नव्हत्या. मी तो घेऊन कोळवणला गेले, देवळापुढं बायका गोळा केल्या आणि वाचून दाखवला. मग मागच्या खेपेला मी काय बदलायला निघाले होते, तेही तिथंच उभं राहून सांगितलं.