दोन्हीकडून भरलेली वही

माझी पिठाची गिरणी आणि लालमहंमदभाईंचं गॅरेज, मधे फक्त एक भिंत. पिंपळे गुरवात तेवीस वर्षं आमचे आवाज एकमेकांशी भांडत आले. गेल्या वर्षी पलीकडचा आवाज बंद पडला. भाईंनी नानासाहेब नावाच्या गिऱ्हाइकाची जुनी मोटरसायकल खोलली, छातीत कळ आली म्हणून स्टुलावर टेकले, ते गेलेच. इंजिनाच्या कव्हरचे नऊ बोल्ट टेबलावर जुन्या चादरीवर ओळीनं मांडले होते, ते तसेच राहिले.

चाळिसावा झाल्यावर त्यांचा धाकटा भाऊ सोहेल त्यांच्या बायकोला, फरीदाला, म्हणाला, "भाभी, शटर बंद ठेवून काय उपयोग? मी मोबाइलचं दुकान टाकतो."

फरीदानं आयुष्यात पाना हातात धरला नव्हता. तरी म्हणाली, "ही गाडी मी चालू करते. ईदपर्यंत थांब. नाही झाली तर चाव्या तुझ्या."

सोहेल हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसले. "अगं, हे काय दळण आहे का?" असंही म्हणून घेतलं. माझ्या जिभेला हाड नाही.

शिकवायला कोण होतं तिला? भंगारातून एक इंजिन आणलं. फोनवर व्हिडिओ बघायचा, मग फोन पालथा घालायचा आणि बघितलेलं स्वतःलाच मोठ्यानं सांगायचं. जिथं अडेल तेवढंच परत बघायचं. ते इंजिन तिनं अकरा वेळा खोललं आणि बांधलं. भाईंच्या कामाच्या वहीत अजून कोरी पानं होती, त्यात लिहूनही ठेवायची. दुपारी गिरणी थांबली की भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "रिंग आधी का?" मग तिचाच आवाज, उत्तर देणारा. रिकाम्या दुकानात बाईनं स्वतःच विचारायचं, स्वतःच सांगायचं.

रमजान लागला तोवर नानासाहेबांच्या गाडीचं आतलं सगळं काम तिनं निभावलं. अडलं ते कव्हरवर. नऊ बोल्ट दिसायला सारखे, पण लांबीत थोडाथोडा फरक, प्रत्येकाचं भोक ठरलेलं. या जुन्या गाडीचा व्हिडिओही मिळेना. भाईंची खोलायची पद्धत मात्र तिला ठाऊक होती: वरचा बोल्ट आधी, मग घड्याळाच्या काट्यासारखं गोल. तिनं चादरीवरच्या ओळीत डावीकडून एकेक उचलून तसेच लावले. तेल गळलं. काढले, पुसले, जिथल्या तिथं ठेवले, परत लावले. परत गळलं. तीनदा असं झालं. ईद चार दिवसांवर आली आणि सोहेल दुकानाचं माप घेऊन गेला. मेल्याला एवढी कसली घाई!

त्या संध्याकाळी मी तिचा रोजा सुटायला खजूर घेऊन गेले. फरीदा वही पुढ्यात घेऊन नुसती बसली होती. तिची लिहायची पानं संपली होती. समोरच्या पानावर भाईंचं अक्षर, उर्दूतलं, नानासाहेबांच्या गाडीचं. त्यांचं शेवटचं. तिनं पहिल्या पानाकडून भरत आणलं होतं, त्यांनी शेवटच्या पानाकडून.

तिला जरा हसवावं म्हणून मी बोलले, "बघ, उलट्या वहीवाला तुझा नवरा!" भाईंना मी हेच म्हणून कायम चिडवायचे. ते उर्दू शाळेतले, फरीदा आमच्यासारखी मराठी शाळेतली.

फरीदा ताडकन उठली. "सुमनताई, ते लिहायचे उजवीकडून. मग मांडायचेही उजवीकडूनच!"

खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि लागली कामाला. उजव्या टोकाचा बोल्ट वर, त्याच्या शेजारचा पुढच्या भोकात. नववा घट्ट बसला. तिसऱ्या किकला गाडी अशी काही गरजली की माझ्या गिरणीचे पत्रे थरथरले. तेलाचा एक थेंब नाही. मी तर ओरडलेच, "अगं बाई! आता सोहेलच्याच हातानं पेढे वाटायला लाव!"

फरीदानं गाडी बंद केली. चादरीकडे बघत उभी राहिली. तिथं आता तेलाचे नऊ डाग तेवढे होते. वर्षभर न रडलेली बाई हुंदके देऊन रडायला लागली.

"सुमनताई, त्यांच्या हातचं एवढं एकच काम अर्धं राहिलं होतं. तेही मीच संपवलं."

मी हातातले खजूर टेबलावर ठेवले आणि तिच्याजवळ बसून राहिले.